मुंगीची वाट आणि सेलचे आयुष्य

नाशिकच्या सुला द्राक्षबागेत मुंबई आयआयटीचे प्रा. उदय देसाई आणि सहकाऱ्यांनी बिनतारी संवेदकांचे जाळे लावले होते, नाव 'ॲग्रिसेन्स'. हेच देसाई 2009 मध्ये हैदराबाद आयआयटीचे पहिले संचालक झाले, तेव्हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. पान किती वेळ ओले राहिले यावर केवडा रोगाचा धोका ठरतो. ऐन दमट रात्री जाळे मुके झाले, तर बागायतदाराच्या हाती काय?

मुके होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे सेल. मोजमापापेक्षा संदेश धाडण्यातच तो अधिक झिजतो. अंतर दुप्पट, तर खर्च निदान चौपट. म्हणून बडी चावडीवरून कोठीला थेट हाक मारण्यापेक्षा मधल्या दुकानदाराकरवी निरोप देणे स्वस्त. पण कोठीलगतच्या दुकानदाराकडे साऱ्या बाजाराचे निरोप येणार, त्याचा घसा आधी बसणार. मग मागच्यांचे सेल भरलेले असून उपयोग नाही.

येथे मुंगी आली. ब्रसेल्सच्या देनेबुर्ग यांच्या गटाने वारूळ आणि अन्न यांत लांब व आखूड असे दोन पूल ठेवले. आखूड पुलावरच्या मुंग्या लवकर परतल्या, तिथला गंध दाट झाला, बाकीच्या त्यामागे लागल्या. गंमत अशी, की आखूड पूल मागाहून जोडला तर मुंग्या बहुधा जुन्या लांब वाटेवरच राहिल्या! मिलानच्या मार्को दोरिगो यांनी 1992 च्या प्रबंधात ही रीत गणितात आणली, तेव्हा गंध भरभर उडून जाण्याची सोयही ठेवली. संवेदकांच्या जाळ्यात गंध म्हणजे प्रत्येक वाटेपुढचा एक आकडा. तो केवळ अंतरावर न ठरवता वाटेतल्या सर्वांत दुबळ्या सेलवरही ठरवला, की थकलेल्या यंत्राकडची वर्दळ आपोआप ओसरते.

पुढे कोकिळा, वटवाघूळ, लांडगा, देवमासा असे सगळे प्राणिसंग्रहालयच गणितात शिरले. नवे नाव म्हणजे नवी युक्ती नव्हे, ही सोरेन्सेन यांची 2015 ची टीका मला पटते. शिवाय वाट शोधणारे 'मुंगी-संदेश'ही सेल खातातच. वीसेक यंत्रांच्या बागेत मुखत्यारी पाळीपाळीने फिरवणारी, 2000 सालची 'लीच' पद्धतही पुष्कळदा पुरे.

मात्र ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मोकळी असलेली रेडिओची वाट डिसेंबरात पानोळ्याने अडते. तेव्हा नवी वाट धुंडाळणारी मुंगी हाताशी असलेली बरी.