राशींची तिकिटे आणि रिकामी चौकट

इस्राएलने १९६१ साली बारा राशींची तिकिटे काढली, भारतीय टपाल खात्याने २०१० साली. असा संच तुम्ही जमवलात, तर वहीत तो वर्तुळाकार चिकटवा. सूर्याचा वर्षभराचा भासमान मार्ग तयार होईल.

राशी म्हणजे मोजणीच्या सोयीसाठी केलेले ३० अंशांचे बारा समान भाग. आकाशातील तारकासमूह मात्र लहानमोठे आहेत. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय सीमांप्रमाणे सूर्य कन्येत सुमारे ४५ दिवस असतो, वृश्चिकात जेमतेम ७. त्यानंतर सुमारे १८ दिवस तो भुजंगधारीत असतो. बारांच्या संचात त्याचे तिकीट कोठून असणार?

म्हणून वृश्चिक व धनू यांच्यामध्ये एक चौकट रिकामी सोडा. वही पाहणारा कारण विचारीलच!