रंगीत इमोजी-फाँट : परवाना, बांधणी आणि बोलीचा पुरावा

सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. भिल्ली बोलींबरोबर खानदेशीचे नमुनेही त्यात छापले आहेत. ती पाने ज्या खिळ्यांनी छापली, त्या खिळ्यांची वाचकास आज काडीमात्र गरज उरलेली नाही. अक्षर एकदा कागदावर उमटले की ते खिळ्यापासून स्वतंत्र होते. मुद्रणकलेचा हा मोठाच गुण होय.

संगणकीय मजकुराची स्थिती याहून निराळी आहे. तेथे साठविलेली असते ती केवळ संकेतांकांची मालिका. तिला दृश्य रूप येते ते वाचनाच्या क्षणी, आणि तेही वाचकाच्या यंत्रात त्या संकेतांकांचे आकार पुरविणारा फाँट असेल तरच. छापखान्याचा खिळा वाचकाच्या घरी न्यावा लागत नव्हता. फाँट मात्र प्रत्येक वाचकाच्या घरी असावा लागतो. तो तेथे कोणत्या हक्काने आणि कोणत्या रूपात पोहोचतो, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ तांत्रिक राहत नाही. तो ग्रंथसंपादनाचाही प्रश्न ठरतो.

२०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा म्हणून सुमारे १८ लाख ६० हजार लोकांच्या नावे नोंदली गेली. जळगाव-धुळ्याकडील ही बोली आता भ्रमणध्वनीवरील संदेशांतही लिहिली जाते, आणि तेथे अक्षरांच्या सोबतीला इमोजी येतात. जपानी भाषेतील ‘ए’ म्हणजे चित्र व ‘मोजी’ म्हणजे अक्षर, यांवरून हा शब्द सिद्ध झाला. २०१० च्या युनिकोड ६.० या आवृत्तीत शेकडो इमोजींना संकेतांक मिळाले. केळे व वांगे या दोहोंचा त्यांत समावेश आहे, आणि जळगावची केळी व भरिताची वांगी यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले, हा एक सुखद योगायोग होय.

येथे एक भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. युनिकोड संकेतांक देते, नाव देते. चित्र देत नाही. चित्र फाँटकर्ता काढतो, आणि तो ते बदलूही शकतो. ‘पिस्तूल’ या नावाच्या चिन्हाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१६ साली ॲपलने आपल्या फाँटमधील खऱ्या पिस्तुलाच्या जागी पाणी उडविण्याची खेळण्यातील पिचकारी ठेवली. २०१८ साली गूगल, सॅमसंग, मायक्रोसॉफ्ट व ट्विटर यांनी तेच केले. संकेतांक एकच राहिला. परिणामी २०१४ सालचा धमकीचा संदेश आजच्या यंत्रावर थट्टेसारखा दिसतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद अभ्यासणारा संशोधक केवळ नकलेवर समाधान मानीत नाही, मूळ हस्तलेखाचे वळण पाहू इच्छितो. तेच येथेही लागू आहे. आकार हा पुराव्याचा भाग आहे. मजकूर ज्या काळचा, त्या काळचा फाँट त्याच्यासोबत जपणे हे संग्राहकाचे कर्तव्य ठरते.

ते पार पाडता येईल की नाही, हे परवान्यावर अवलंबून असते. ॲपलचा इमोजी-फाँट खाजगी मालकीचा असल्यामुळे संग्रहासोबत त्याची प्रत वाटता येत नाही. मुक्तस्रोत फाँटच्या बाबतीत ती मुभा असते. तथापि ‘मुक्त’ या एका शब्दावर विसंबणे इष्ट नव्हे. रंगीत फाँटमध्ये तीन वस्तू एकत्र बांधलेल्या असतात : मूळ चित्रे, ती जोडून फाँट तयार करणारी साधने, आणि तयार झालेला फाँट. या तिघांचे परवाने भिन्न असू शकतात. गूगलच्या नोटो कलर इमोजीमध्ये फाँट ‘सिल ओपन फाँट लायसन्स’खाली, तर साधने व बहुतेक चित्रे अपाची २.० या परवान्याखाली आहेत. ध्वजांची चित्रे सार्वजनिक स्वामित्वाची अथवा स्वामित्वहक्कातून वगळलेली आहेत. ट्विटरच्या ट्वेमोजीत संगणकीय भाग एमआयटी परवान्याखाली, तर चित्रे श्रेयनिर्देशाची अट घालणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० खाली आहेत. ओपनमोजीच्या चित्रांना श्रेयनिर्देशाबरोबर दुसरीही एक अट आहे : त्यांवरून केलेली नवी कृती त्याच परवान्याखाली द्यावी लागते.

परवाना कायमचा असतो, पण पुढील आवृत्तीचा परवाना तोच राहील असे नव्हे. इमोजीवन हा संच आरंभी मुक्त होता. २०१७ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यावर निर्बंध आले. जुन्या आवृत्तीचा परवाना मात्र मागे घेता येत नसल्याने ती वापरण्यास आडकाठी उरली नाही. याउलट, २०१७ साली गूगलने आपली गोळ्यासारखी जुनी चित्रे बदलली, तेव्हा परवाना मुक्त असल्यामुळेच काही उत्साही मंडळींना ती ‘ब्लॉबमोजी’ या नावाने पुढे चालू ठेवता आली. मालकाने टाकलेला आकार इतरांना जपता यावा, हे मुक्त परवान्याचे खरे फळ होय.

मराठी प्रदेशातही या विषयाचे एक ठळक उदाहरण घडले आहे. श्री-लिपी या नावाने प्रसिद्ध असलेली आज्ञावली पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. युनिकोडपूर्व काळातील अशा आज्ञावल्यांचे संकेत प्रत्येकाचे स्वतंत्र असत. तो विशिष्ट फाँट नसेल तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. त्याच कंपनीने पुरविलेले फाँट रेड हॅटने ‘लोहित’ या नावाने मुक्त केले. प्रथम त्यांना जीपीएल हा परवाना होता. सप्टेंबर २०११ मध्ये तो बदलून सिल ओपन फाँट लायसन्स देण्यात आला. जीपीएल मूलतः संगणकीय आज्ञावलींसाठी रचलेला. त्याखालील फाँट एखाद्या प्रबंधाच्या प्रतीत अंतर्भूत केला, तर त्या प्रबंधावरही परवान्याचे बंधन येते काय, अशी शंका निघू शकते. २००७ सालच्या सिल परवान्याच्या १.१ आवृत्तीत तिचे स्पष्ट निरसन आहे : फाँट वापरून केलेल्या लेखनावर हा परवाना लागू होत नाही. फाँट सुटा विकता येत नाही, बदललेला फाँट त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, आणि मूळ कर्त्याने राखून ठेवलेले नाव बदललेल्या फाँटला देता येत नाही, या त्याच्या अन्य मुख्य अटी होत.

आता बांधणीकडे वळू. डेबियनसारख्या मुक्त प्रणालीत फाँट ‘पॅकेज’ म्हणून येतो. त्यात फाँटची फाईल व तिच्यासोबत प्रत्येक घटकाचा कर्ता आणि परवाना नोंदणारी फाईल असते. शिवाय मूळ सामग्रीपासून फाँट पुन्हा तयार करता आला पाहिजे, अशी अपेक्षा असते. पॅकेज बसविल्यावर एक अनपेक्षित अडचण उद्भवू शकते. इमोजी-फाँटमध्ये चौकटीतील अंकांसाठी रोमन लिपीतील ० ते ९ हे अंकही असतात. प्रणालीच्या क्रमवारीत त्याला अग्रस्थान मिळाले, तर साध्या मजकुरातील भाव, दिनांक व दूरध्वनी-क्रमांक याच फाँटमधून उचलले जातात आणि विस्कळित दिसतात. देवनागरी अंक यातून वाचतात. म्हणून इमोजी-फाँटचे स्थान देवनागरी व रोमन फाँटच्या मागे ठेवणे हे पॅकेजकर्त्याचे काम असते.

मराठी अभ्यासकाला अधिक जवळची बाब म्हणजे शून्यरुंद जोडक हे अदृश्य चिन्ह. ‘शेतकऱ्याला’ या शब्दातील आडवा अर्धा र दोन रीतींनी नोंदता येतो : एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्तचिन्ह, दुसरी, साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे शून्यरुंद जोडक. नवल असे की, २०१६ साली आलेले शेतकरी स्त्रीचे इमोजीही ‘स्त्री’ आणि ‘धान्याची लोंबी’ या दोन चित्रांमध्ये हेच चिन्ह घालून सिद्ध होते. मजकूर ‘स्वच्छ’ करणारी एखादी आज्ञावली अदृश्य चिन्हे गाळून टाकते, तेव्हा दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘आचाऱ्याला’चे ‘आचार्याला’ होऊन स्वयंपाकी पंडित बनतो, आणि त्याच फटक्यात शेतकरी स्त्रीची एक बाई व एक लोंबी अशी फाटाफूट होते. २०१६ पूर्वीचा फाँट असेल, तर जोडक शाबूत असूनही हीच फाटाफूट दिसते. कारण त्या जोडणीचा आकार त्यात नसतो.

जळगावच्या विद्यापीठात वा धुळ्याच्या एखाद्या संग्रहात अहिराणी संदेशांचा साठा उभा करावयाचा झाल्यास त्याची शिस्त यावरून ठरविता येते. संकेतांक जसेच्या तसे, जोडकांसह राखावेत. ज्या काळचे संदेश, त्या काळच्या मुक्त फाँटची प्रत आवृत्तीच्या क्रमांकासह संग्रहात ठेवावी. पाठविणाऱ्याच्या यंत्रावरील फाँट खाजगी असेल, तर त्यातील आकाराचे वर्णन शब्दांत नोंदवावे. चित्रे, साधने व फाँट यांचे परवाने वेगवेगळे लिहून ठेवावेत. ग्रियर्सनच्या पानाला ज्याची गरज पडली नाही, ते ओझे आजच्या संग्राहकाच्या माथी आले आहे हे खरे. पण ते न उचलल्यास शंभर वर्षांनंतरच्या वाचकाच्या हाती बोलीऐवजी रिकाम्या चौकटी पडतील.