मांडीचे आतले स्नायू : बळ आणि लवचिकपणा



लग्नाची किंवा उत्सवाची पंगत उठते तेव्हा एक गोष्ट पाहण्यासारखी असते. दहा वर्षांचे पोर मांडी मोडून चटकन उभे राहते. चाळिशीचा गृहस्थ एक हात जमिनीला टेकतो. साठीचे आजोबा शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार मागतात आणि पुढच्या खेपेस ‘मी आपला खुर्चीवरच बसतो’ असे सांगून पंगतीतून कायमचे उठतात. आपण म्हणतो, वय झाले. वयाचा वाटा त्यात आहेच; पण न वापरल्यामुळे दुबळ्या झालेल्या स्नायूंचाही वाटा आहे, आणि तो आपल्या हातचा आहे. मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूंविषयी आज मी बोलणार आहे ते एवढ्याचसाठी.

हे स्नायू मुख्यतः पाच. ओटीपोटाखालच्या समोरच्या हाडापासून आणि आपण ज्या हाडावर बसतो तेथपासून ते निघतात आणि मांडीच्या हाडाला आतून जखडलेले असतात. त्यांतला एक बारीक लांब स्नायू तर गुडघा ओलांडून नडगीच्या हाडापर्यंत जातो. बाहेर गेलेला पाय मध्याकडे ओढणे हे त्यांचे उघड काम. म्हणून डॉक्टर त्यांना ‘ॲडक्टर’, म्हणजे आत ओढणारे, म्हणतात. परंतु त्यांचे न दिसणारे काम अधिक मोठे आहे. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो; त्या क्षणी कंबर डुलू न देण्याचे काम कुल्ल्याचे स्नायू व हे आतले स्नायू मिळून करतात. आपल्या गावाहून श्रीगजानन महाराजांच्या पालखीबरोबर महिनाभर पायी पंढरीस जाणाऱ्या वारकऱ्याची मांडी असे लक्षावधी वेळा हे काम करते. शिवाय यांतला सर्वांत मोठा स्नायू खोल बैठकीतून वर उठताना कंबरेला वर लोटतो. आजोबांना शेजाऱ्याचा खांदा का लागला, याचे अर्धे उत्तर येथे आहे.

हे स्नायू दुखावतात केव्हा? पाय बाहेर ताणला जात असताना त्यांना एकदम जोर लावावा लागतो तेव्हा. कबड्डीत चढाई करणारा गडी पाय लांब टाकून गड्याला शिवू पाहतो आणि मागून कोणी तरी त्याला धरतो, तेव्हा जांघेत लचक भरते. पहिल्या पावसात आपल्या काळ्या मातीत पाय घसरून दोन्ही पाय फाकले, की निंदणाला निघालेल्या बाईचेही तेच होते.

आता आपल्या नेहमीच्या व्यायामांकडे पाहू. नमस्कार, जोर, पाय जुळवून मारलेल्या बैठका, चालणे, धावणे हे सर्व उत्तम व्यायाम आहेत. परंतु त्यांत शरीर बहुतेक पुढे-मागे किंवा वर-खाली हलते. बाजूस पाय टाकून तो पुन्हा आत ओढण्याचा प्रसंग त्यांत फारसा येत नाही. याला मोठा अपवाद आपल्याच मातीतला आहे, तो म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट्टदादा देवधरांनी ही विद्या नावारूपास आणली. एरंडेल चोपडलेल्या गुळगुळीत खांबावर हात सोडून उलटा लटकणारा मुलगा मांड्यांच्या आतल्या पकडीवरच तोललेला असतो. अमरावतीचे श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने देशी व्यायाम करून दाखविले. आपल्या विभागातील हा वारसा आहे. पण खांबावर चढणे प्रत्येकाला शक्य नाही. घरी सतरंजीवर काय करता येईल ते पाहू.

पहिला प्रकार, उशी दाबणे. उताणे निजून गुडघे उभे करावेत. दोन्ही गुडघ्यांत उशी धरून पाच ते दहा अंक मोजेपर्यंत दाबावी, मग सैल सोडावी. असे दहा वेळा. श्वास कोंडू नये. रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही.

दुसरा, कुशीवर निजून खालचा पाय उचलणे. वरचा पाय गुडघ्यात मोडून पुढे टेकवावा. खालचा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा व सावकाश खाली आणावा. दोन्ही कुशींवर दहा-दहा वेळा.

तिसरा, फाकून बैठक. पावले खांद्यांपेक्षा अधिक अंतरावर ठेवून चवडे किंचित बाहेर वळवावेत. खिडकीचे गज धरून, दुखणार नाही इतकेच खाली जावे. गुडघे चवड्यांच्या दिशेनेच गेले पाहिजेत. आठ-दहा वेळा पुरे.

चौथा केवळ खेळाडूंसाठी. कुशीवर कोपराचा आधार घ्यावा, वरचा पाय बाकावर ठेवावा, शरीर उचलावे आणि खालचा पाय वरच्याला भिडवावा. नॉर्वेतील फुटबॉलपटूंनी हा व्यायाम नेमाने केला, तेव्हा त्यांच्यातील जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. ही पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली.

ताण देणे शेवटी, अंग गरम झाल्यावर. घडी केलेल्या सतरंजीवर बसून तळपाय जुळवावेत, हेच बद्धकोनासन. पाठ सरळ ठेवून वीस-तीस सेकंद स्वस्थ बसावे, दोन-तीन वेळा. गुडघे हाताने खाली रेटू नयेत, हिसके देऊ नयेत.

दुखऱ्या जांघेला नुसता ताण द्यावा व मालीश करावे असा आपला समज असतो. १९९९ साली डेन्मार्कमधील डॉक्टरांनी जुन्या दुखण्याच्या खेळाडूंचे दोन गट केले. एका गटाला बळ वाढविणारे व्यायाम दिले, दुसऱ्याला मालीश, ताण व विजेचे उपचार. पहिल्यातील २९ पैकी २३ जण दुखणे विसरून मैदानात परतले. दुसऱ्यातील ३० पैकी केवळ चार. तात्पर्य, ताण हवाच, पण बळाच्या जोडीने, बळाऐवजी नव्हे.

आठवड्यातून तीन दिवस, दीड-दोन महिने, एवढा नेम ठेवला की फरक कळतो. मात्र मांडीची चरबी याने तेवढ्याच जागी झडेल, अशी आशा कोणी धरू नये. ते घडत नाही. आणि खोकताना जांघेत फुगवटा येत असेल, काळेनिळे होऊन सूज आली असेल, खुब्याचा सांधा बदललेला असेल किंवा गरोदरपणी तेथे दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

शरीराच्या ज्या भागाकडे आरशातही आपले लक्ष जात नाही, त्याच्यावर आपले बसणे-उठणे अवलंबून आहे. पंगतीत शेजारच्या आजोबांनी खांदा मागितला तर तो अवश्य द्यावा. पण दुसऱ्या दिवशी त्यांना एक उशी नेऊन द्यावी आणि ती कशी दाबायची ते दाखवावे.