लेकरू झालं, आता उसंत कुठली?



घरात पाळणा हलला की सगळ्यांना आनंद होतो. पण बाळंतिणीला विचारा, "बाई, आज निवांत दोन घास खाल्ले का?" ती नुसती हसते. तान्ह्या लेकराला दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा अंगावर पाजावे लागते. एका वेळेस अर्धा तास धरला, तरी ४ ते ६ तास त्यातच जातात. वर दुपटी, स्वयंपाक, पाणी, जनावरं. मग तिनं अंग टाकायचं कधी?

उसंत म्हणजे आळस नव्हे

झोप व पोटभर जेवण मिळाले नाही, तर आईची झीज भरून निघत नाही. पहिले काही दिवस मन हळवे होणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे उलटूनही उदास वाटत असेल, लेकराकडे बघावंसं वाटत नसेल, तर ते नखरे नव्हेत, दुखणे आहे. आशाताईला किंवा नर्सबाईला सांगा. १४४१६ या टेलीमानस क्रमांकावरही मोफत सल्ला मिळतो.

उसंत कोण देणार?

पाजणे तेवढे आईचे काम. ढेकर काढणे, दुपटे बदलणे, जोजवणे हे बापालाही जमते. रोजचा एक तास ठरवून घ्या. रानातून आल्यावर हातपाय साबणाने धुवा, लेकरू घ्या आणि तिला म्हणा, "तू पड आता जरा." तिनेही कधी तुम्हाला पारावर बसायला मोकळे करावे.

मात्र लेकरू राखताना दुसरे काम हाती घेऊ नका. शेजारच्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. आई पाण्याला गेली, काका भजनात रंगून चिखल तुडवीत राहिले, आणि रांगतं लेकरू पायाखाली आलं. काकांचं लेकरू पांडुरंगानं परत दिलं. आपण संसारी माणसं, आपण डोळ्यांत तेल घालूनच लेकरू राखावं.

खरी उसंत अंतराने मिळते

घरच्यांनी दिला तर रोज एक तास मिळतो. दोन लेकरांत तीन वर्षांचे अंतर ठेवले, तर वर्षे हाती येतात. एक काखेत अन् एक पोटात असेल, तर उसंत कुणालाच नाही.

"पाळी आली नाही तोवर दिवस राहत नाहीत" या भरवशावर राहू नका. पाळी येण्याआधीच बीज सुटू शकते. म्हणून वेळेवर साधन निवडा.

• तांबी : बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, नाहीतर सहा आठवड्यांनी बसवतात. प्रकाराप्रमाणे ५ किंवा १० वर्षे चालते. हवी तेव्हा काढता येते.
• अंतरा इंजेक्शन : दर तीन महिन्यांनी. अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर.
• छाया गोळी : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. दूध कमी होत नाही.
• निरोध : पुरुषांसाठी सोपे साधन. दरवेळी नवा वापरावा.

ही साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधीच साधन घ्यावे. इंजेक्शनचे कार्ड सोबत ठेवावे. कोणते साधन मानवेल ते तपासून सांगतील. नवरा-बायको दोघांनी मिळून जावे.

लेकरांत अंतर, आईला उसंत, घरात सुख!