जुनं वेल्डिंग मशीन : घ्यावं की सोडावं?
छोट्या कारखान्याचा हिशेब – लेखांक ७

गेल्या आठवड्यात जुन्या लेथचा विचार केला. लेथचं म्हातारपण लपत नाही. बेड झिजलेला दिसतो, स्पिंडलमधला प्ले डायल गेजवर उमटतो. वेल्डिंग मशीनचं तसं नाही. नवा रंग मारलेला पत्र्याचा डबा, दोन केबली आणि करंट कमी-जास्त करायचं एक हँडल, एवढंच समोर असतं. विकणारा एक रॉड पेटवून दाखवतो, ठिणग्या उडतात आणि ‘चालू कंडिशन’ म्हणून सौदा ठरतो. पण रॉड पेटणं ही या मशीनची सर्वांत सोपी परीक्षा. तीत नापास होणारं मशीन कुणी विक्रीला मांडतच नाही.

आधी आपलं काम मोजा

उदाहरणादाखल कोल्हापूरजवळच्या शिरोलीतलं ट्रॅक्टर-ट्रॉलीचं एखादं शॉप घेऊ. ऊस तोडणी सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन महिने इथे उसंत नसते. चासीला चॅनेल, बॉडीला पत्रा, फाळक्यांना अँगल असं दिवसभर चालू असतं. तरीही आठ तासांच्या पाळीत वेल्डरचा आर्क प्रत्यक्षात जळतो तो अडीच-तीन तास. बाकीचा वेळ जुळणी करणं, टॅक मारणं, स्लॅग झाडणं आणि रॉड बदलण्यात जातो. उलट गावातल्या ग्रील-दरवाजे करणाऱ्या दुकानात आर्क दिवसाला अर्धा तास जळला तरी पुष्कळ.

या दोघांनी एकच जुनं मशीन एकाच किमतीला घेतलं, तर एकाचा फायदा होईल आणि दुसरा दर महिन्याला पैसे घालवत बसेल. म्हणून ‘मशीन कसं आहे?’ या प्रश्नाआधी दोन आकडे लिहून काढा. तुमचा सर्वांत जाड रॉड कोणता आणि दिवसाला आर्क किती तास जळतो? दहा नंबरच्या, म्हणजे ३.१५ मिमीच्या रॉडला १०० ते १३० अँपिअर पुरतात. आठ नंबरला, म्हणजे ४ मिमीला १५० ते १८० लागतात. ५ मिमीचा रॉड २०० च्या पुढे जातो. दहा नंबरवर सगळं काम भागणाऱ्याने ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणून ६०० अँपिअरचं धूड घरी आणू नये.

जुन्यातल्या दोन जाती

बाजारात येणारी जुनी मशीनं ढोबळमानाने दोन जातींची असतात. पहिली तांब्या-लोखंडाची. हिच्यात साधा ट्रान्सफॉर्मर आणि डायोड किंवा थायरिस्टर लावलेला रेक्टिफायर येतो. हिचं आयुष्य वाइंडिंगच्या इन्सुलेशनवर ठरतं, आणि ते हळूहळू, डोळ्यांना दिसेल असं खराब होतं. वाइंडिंग जळलं तरी रिवाइंडिंग करणारा तालुक्याच्या गावी सापडतो. डायोड गेला तर तो दुकानात मिळतो आणि तासाभरात बदलता येतो.

दुसरी जात इन्व्हर्टरची. वजनाला हलकी, विजेला काटकसरी, आर्क गुळगुळीत. पण तिचा जीव आयजीबीटी, कपॅसिटर आणि कंट्रोल कार्डात असतो. कपॅसिटर मशीन नुसतं पडून राहिलं तरी म्हातारे होतात. ग्राइंडिंगची लोखंडी धूळ पंख्यातून आत जाऊन कार्डावर बसते, आणि ती वीजवाहक असल्याने एखाद्या दमट सकाळी मशीन चालू करताच कार्ड उडतं. आदल्या दिवशी याची चाहूल लागत नाही. त्या मॉडेलचं कार्ड यायचं बंद झालं असेल, तर मशीन भंगारातच जातं.

म्हणून जुनं घ्यायचंच तर पहिल्या जातीचं घेण्यात धोका कमी. जुना इन्व्हर्टर घ्यावा तो ओळखीच्या मालकाकडून, कार्ड मिळतं याची खात्री करून आणि महिनाभराची लेखी हमी घेऊन.

पाटी वाचा

बाजारात बैलाचे दात बघतात तशी मशीनची पाटी बघायची. मागच्या पत्र्यावर ती रिवेटने ठोकलेली असते. ती काढलेली असेल किंवा तिच्यावरून रंग फिरवला असेल, तर भाव तिथेच खाली आणा.

पाटीवर ‘४०० अँपिअर’ हा आकडा ठळक असतो. खरी माहिती त्याच्या शेजारच्या टक्क्यात असते. तिला ड्यूटी सायकल म्हणतात आणि ती दहा मिनिटांच्या हिशेबाने मोजतात. ‘४०० अँपिअर, ६० टक्के’ याचा अर्थ ४०० वर सहा मिनिटं आर्क आणि चार मिनिटं विश्रांती. न थांबता चालवायचं असेल तर करंट किती? वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ४०० ला ०.६ च्या वर्गमुळाने गुणायचं, उत्तर सुमारे ३१० अँपिअर येतं. ‘४०० अँपिअर, २० टक्के’ असलेलं मशीन याच हिशेबाने अखंड कामाला जेमतेम १८० अँपिअरचं ठरतं. दोन्हींच्या पत्र्यावर आकडा ४०० च असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हे टक्के ४० अंश सेल्सिअसच्या हवेला धरलेले असतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा त्याच्याही वर जातो, तेव्हा थोडं हातचं राखूनच बघा.

पाटीवर फ्रीक्वेन्सीही पाहा. मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातेत अलंगला तोडलेल्या जहाजांवरची मशीनं आपल्याकडे विकायला येतात. जहाजावर बहुधा ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ वीज असते. आपल्याकडे आहे ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टला हर्ट्झने भागा. तिथे ७.३ येतात, इथे ८.३. म्हणजे गाभ्यातलं चुंबकत्व सुमारे १३ टक्क्यांनी वाढतं. साधा ट्रान्सफॉर्मर असेल तर तो गुरगुरतो आणि काम नसतानाही तापतो. ५०/६० अशी दोन्ही नोंद असेल तर प्रश्न नाही.

तासाभराची परीक्षा

मशीन बघायला सकाळीच जा, आणि ‘आधी चालू करू नका’ असं विकणाऱ्याला फोनवर सांगून ठेवा. हात लावलात आणि ते गरम लागलं, तर ते तुमच्यासाठी आधीच ‘तयार’ केलंय असं समजायला हरकत नाही. आपला वेल्डर, आपले रॉड, मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर सोबत न्या. जमलं तर ५०० व्होल्टचा मेगर आणि तो वापरणारा वायरमनही न्या.

मेन स्विच पाडून बाजूचा पत्रा उघडायला सांगा. जळक्या वार्निशचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. वाइंडिंगवरचं वार्निश मधासारखं तपकिरी असेल तर ठीक. एका कॉइलचाच काही भाग काळा पडून भुगा होत असेल, तर तिथे ती भाजली आहे. तीन कॉइलपैकी एक नव्यासारखी चकचकीत असेल, तर ती रिवाइंड झालेली आहे. एवढ्यावरून मशीन नाकारू नका, पण का जळली हे विचारा. वाइंडिंग तांब्याचं की अॅल्युमिनियमचं, तेही टोकाशी हलकेच खरवडून बघा. अॅल्युमिनियमचं मशीन वाईटच असतं असं नाही, मात्र त्याला तांब्याचा भाव देऊ नये. मग लग पाहा. निळसर पडलेला किंवा वितळून पुन्हा आवळलेला लग सांगतो की इथे जोड ढिला होता आणि कुणी वेळेवर लक्ष दिलं नाही.

मेगरवर मुख्य पुरवठा आणि वेल्डिंगची बाजू यांच्यात निदान ५ मेगओहम, आणि प्रत्येक बाजू व बॉडी यांच्यात निदान अडीच मेगओहम मिळायला हवेत. पावसाळ्यात आकडा खाली आला तर मशीन वाळवून पुन्हा मोजा. इन्व्हर्टरला मात्र आतली इलेक्ट्रॉनिक्स सोडवल्याशिवाय मेगर लावायचा नाही, नाहीतर चांगलं कार्ड तुमच्याच हातून उडेल.

आता चालू करा. रॉड न टेकवता आउटपुटवर साधारण ६० ते ८० व्होल्ट दिसावेत. मशीन एसी असेल आणि इथे ५५ च मिळत असतील, तर दहा नंबरचा साधा ६०१३ रॉड चालेल, पण ७०१८ सारखा लो-हायड्रोजन रॉड पेटेल आणि विझेल. मग आठ नंबरचे पाच-सहा रॉड लागोपाठ जाळायला लावा. एक रॉड दीड-दोन मिनिटं जातो, म्हणजे ही जवळजवळ दहा मिनिटांची खरी परीक्षा झाली. थ्री-फेज रेक्टिफायर असेल तर रॉड जळत असताना क्लॅम्प मीटर येणाऱ्या तिन्ही वायरींवर एकेक करून फिरवा. तिन्हींचे आकडे जवळपास सारखे हवेत. दोन वायरींवर अठरा-अठरा आणि तिसरीवर सहा दिसले, तर एखादा डायोड किंवा थायरिस्टर गेलेला असण्याची शक्यता मोठी. विकणारा ‘आर्क थोडा खरखरीत आहे, केबल बदलली की जाईल’ म्हणतो, तो खरखरीतपणा बहुधा हाच असतो. एक लक्षात ठेवा : साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो. होल्डरकडे जाणारा डीसी करंट मोजायला डीसी क्लॅम्प लागतो.

मिग मशीन असेल तर पॉवर सोर्सइतकंच लक्ष वायर फीडरकडे द्या. रोलरची खाच झिजलेली असेल तर वायर घसरते आणि आर्क तोतरा होतो. कार्बन डायऑक्साइडच्या रेग्युलेटरचा हीटर चालतो का, हेही बघा. तो बंद असेल तर थोड्याच वेळात रेग्युलेटरवर बर्फ धरतं आणि गॅस अडतो. टॉर्च आणि लायनर तर बदलावेच लागतील, असं धरून चाला.

विजेचा हिशेब

किंमत ठरवताना सर्वांत जास्त चुका इथे होतात. ५ मिमीचा रॉड २०० अँपिअरवर जळतोय असं धरा. ८० व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर ४१५ व्होल्टच्या दोन फेजवर चालत असेल, तर वेढ्यांच्या गुणोत्तराने तो त्या दोन वायरींतून जवळजवळ ३८ अँपिअर ओढतो. त्याच कामाला थ्री-फेज इन्व्हर्टर प्रत्येक वायरीतून बाराच्या आसपास घेतो. हा फरक पॉवर फॅक्टरचा आणि दोनऐवजी तीन वायरींत भार वाटला जाण्याचा आहे. मंजूर भार बेताचा असेल, तर जुन्या मशीनबरोबर भारवाढीचा अर्जही महावितरणकडे न्यावा लागेल.

आता युनिट. २०० अँपिअरला आर्कवर सुमारे २८ व्होल्ट असतात, म्हणजे ५.६ किलोवॉट. रोज तीन तास आर्क धरला तर १६.८ युनिट झाले. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर मीटरवर २० युनिट पडतात. जुन्या रेक्टिफायरची ६५ टक्के धरली तर २६. शिवाय आर्क बंद असतानाचे पाच तास रेक्टिफायर गुणगुणत अर्धा-पाऊण किलोवॉट खातो, त्याचे आणखी तीन. रोजचा फरक नऊ युनिटांचा. वर्षाचे ३०० दिवस आणि सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले, तर हे २७ हजार रुपये झाले. अर्धा तास आर्क जाळणारा आणि मधल्या वेळात स्विच पाडणारा दुकानदार मात्र वर्षाला तीनेक हजारच जास्त भरेल.

भाव आणि कागद

यावरून भावाची वरची मर्यादा काढता येते. तेवढ्याच ताकदीच्या नव्या इन्व्हर्टरची किंमत समजा ६० हजार. त्यातून जुन्या मशीनला लागणाऱ्या केबल, होल्डर, लग यांचे ६ हजार वजा करा. मग दोन वर्षांची जादा वीज वजा करा. ग्रीलवाल्याचे उरतात ४८ हजार, ट्रॉलीवाल्याचा उरतो शून्य. नव्या इन्व्हर्टरचं कार्ड वॉरंटी संपल्यावर गेलं तर ट्रॉलीवाल्याचं चित्र थोडं बदलेल, पण फार नाही. आणि ४८ हजार ही मर्यादा आहे, भाव नव्हे. हमी नसलेल्या मशीनला त्याच्या बरंच खाली थांबावं. खालची मर्यादा ठरवते ती आतल्या तांब्या-लोखंडाची भंगार किंमत. बँकेच्या लिलावात ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर मशीन चालवून पाहायलाही मिळत नसेल, तर बोली भंगार भावाच्या आसपासच ठेवा.

पक्कं बिल घ्या. जीएसटी नोंदणी असलेल्याकडून ४० हजारांवर १८ टक्के, म्हणजे ७,२०० रुपये भरलेत, तर तुमची नियमित नोंदणी असल्यास ते इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळू शकतात. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाहीत. बंद पडलेल्या कारखान्याचं मशीन घेताना ते बँकेकडे तारण नाही ना, हे विचारा आणि तसं बिलावर लिहून घ्या. विक्रेता कंपनी असेल तर तिच्यावरचे बोजे कंपनी निबंधकांच्या नोंदीत सापडतात. कर्जातलं मशीन तुमच्या शेडमधून उचलून नेलं, तर इसारासकट सगळे पैसे बुडाले समजा.

थोडक्यात, रोजचा आर्क तासाच्या आत असेल, मशीन तांब्या-लोखंडाचं असेल आणि तिन्ही फेज सारखे ओढत असेल, तर जुनं घ्यायला हरकत नाही. दोन-तीन तास आर्क जाळणाऱ्याने जुनं मशीन जास्तीत जास्त राखीव म्हणून ठेवावं आणि रोजच्या कामाला कर्ज काढून का होईना, नवं घ्यावं. ते कर्ज कुठून, किती व्याजाने आणि कोणत्या योजनेतून काढायचं, हे पुढच्या लेखांकात.