विधेयक अडते कुठे?

‘विधेयक मांडले’ अशी बातमी आली की आपली माणसे हुरळून जातात. मी आधी विचारतो, ते समितीकडे गेले काय? बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडले. बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, महारांची कामे नियमाने ठरवून द्यावीत, हा त्याचा गाभा. प्रवर समितीत त्याची मोडतोड झाली. सभागृहातला पराभव चारचौघांत होतो; समितीत एकेक कलम खुडले जाते ते कोणाला दिसत नाही. जुलै १९२९ मध्ये बाबासाहेबांनीच ते मागे घेतले.

म्हणून मी मूळ मसुदा आणि समितीचा अहवाल शेजारी ठेवून वाचतो. मंजुरीनंतरही राज्यपालांची संमती, अंमलाची तारीख पाहावी लागते. महार वतनासह गावची कनिष्ठ वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ चा. अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून.

ठराव तर कायदाही नव्हे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ ला केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत आपली घरे जळाली, माणसे गेली.