पेटीच्या साथीची योग्यता

आमच्या नांदेड-लातूरकडे भजनकीर्तनास पेटी हवीच. परंतु घरच्या मुलानें पेटीवादनांत आयुष्य वेंचावें, हें वडील मंडळींस सहसा रुचत नाहीं. त्यांनीं गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांचें चरित्र अवश्य पाहावें.

पेटी मूळची परदेशीय. व्हिएन्नाचें अकॉर्डियन १८२९ चें, पॅरिसची हार्मोनियम १८४२ ची. दोहींतहि भात्याचा वारा धातूच्या पातळ पट्ट्यांस कंप देतो. स्वर ठाम, म्हणून मींड निघत नाहीं, हा तिजवरील मोठा आक्षेप. १९४० सालीं नभोवाणीनें तिला वर्ज्य केलें. ती बंदी १९७१ सालीं शिथिल झाली.

अशा वाद्यावर गोविंदरावांनीं भास्करबुवा बखले यांच्या गायनास साथ केली. बुवांच्या सहवासांत रागांचें मर्म उमगलें. १९११ सालीं ‘मानापमान’ नाटकास त्यांनीं चाली दिल्या. १९१३ मध्यें गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेंत भाग घेतला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटास संगीत देऊन हरिश्चंद्राची भूमिकाहि केली.

साथ म्हणजे दास्य नव्हे; ती श्रवणाची पाठशाळा होय. घरांतील मुलाचा ओढा पेटीकडे असल्यास त्यास रागें भरूं नये. आधीं ऐकावयास शिकवावें, इतकेंच आमचें सांगणें.